रानटी सूर्यफुलाची उसनवारी

१९९३-९४ साली देशात सुमारे २६ लाख हेक्टरांवर सूर्यफूल उभं होतं. आता दोन-चार लाखांच्या पुढे ते जात नाही. पुष्कळ घरांतल्या कढईत मात्र सूर्यफुलाचं तेल आहे, आणि ते येतं युक्रेन, रशिया नाहीतर अर्जेंटिनातून. मराठवाड्यात हे पीक का मोडलं असं विद्यापीठाच्या आवारात विचारलं तर रोगांची नावं ऐकायला मिळतात. तेच गावच्या पारावर विचारलं तर लोक हसतात आणि सोयाबीनकडे बोट दाखवतात.

पुढचे मामा आणि भाची मी रचलेले आहेत. मामा लातूर जिल्ह्यातले, काळ्या रानाचे धनी, बोलायला तिखट. भाची परभणीला पीक-पैदासशास्त्र शिकते. दोघांचे युक्तिवाद मात्र रचलेले नाहीत. ते या भागात रोज कुठे ना कुठे चाललेले असतात, फक्त एकमेकांसमोर बसून क्वचितच.

मामा : तुमच्या पुस्तकात रोगानं पीक गेलं असं लिहिलेलं असेल. आमच्याकडं ते गेलं पोपटांनी आणि सोयाबीननं. कणीस भरायला लागलं की सकाळ-संध्याकाळ राघूंचे थवे. गोफण घेऊन मळ्यात माणूस उभा करायचा म्हणजे मजुरी. सोयाबीनला पोपट शिवत नाही, मळणीयंत्र दारात येतं आणि आडतीवर माल नेला की पैसा हातात. तुझं रोगप्रतिकारक वाण पोपटालाही प्रतिकार करतं का?

भाची : नाही करत. पण मामा, सोयाबीन आलं ते नंतर. त्याच्या आधी केवडा रोग आला होता. १९८४ च्या सुमाराला भारतात सूर्यफुलावर केवडा पहिल्यांदा दिसला तो आपल्या लातूर भागात. तुम्ही तेव्हा शेती करत होतात की.

मामा : करत होतो. मॉर्डन म्हणून बुटकं वाण होतं, लवकर निघायचं, म्हणून सगळ्यांनी तेच धरलं. त्यात मधूनमधून काही झाडं टीचभर राहायची. पानं पिवळी, उलटून बघितलं तर खाली पांढरी बुरशी, आणि कणीस मान खाली घालायच्या ऐवजी सरळ आभाळाकडं बघत उभं. दाणा नाहीच. आम्हाला वाटलं खत कमी पडलं.

भाची : आणि जमिनीत त्या बुरशीचे बीजाणू आठ-दहा वर्षं जिवंत राहतात. रान बदललं तरच सुटका. तेव्हा लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रानं काय केलं? प्रतिकार असलेले पालक शोधले, संकर केले आणि नव्वदीच्या सुरुवातीला एलडीएमआरएसएच-१ आणि ३ ही संकरित वाणं दिली. त्या लांबलचक नावाचा अर्थच लातूरचं केवडा-प्रतिकारक सूर्यफूल. रोग इथं उगवला आणि उत्तरही इथंच तयार झालं. हे तुम्ही विसरता.

मामा : विसरत नाही. ते बी लावलं होतं, चांगलं होतं. पण ते आता मला दुकानात दाखव. दुकानात कंपनीच्या पिशव्या आहेत. पिशवीवर सूर्याचं चित्र आहे आणि कोणत्या रोगाला टिकतं ते दुकानदारालाही ठाऊक नाही.

इथे मामांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. भाची मात्र अजून वाणाच्या उगमाशी आहे, आणि ते ऐकण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे या पिकाबद्दल बोलताना कुणी तिथपर्यंत जातच नाही.

भाची : मामा, सूर्यफूल आपलं नाही, रशियाचंही नाही. ते उत्तर अमेरिकेतलं. तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी ते माणसाळवलं, स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेलं, आणि रशियात त्याचं तेलाचं पीक झालं. क्रास्नोदारला पुस्तोवोइट नावाच्या शास्त्रज्ञानं निवड करत करत दाण्यातलं तेल तिशीच्या टक्क्यांतून पन्नासच्या आसपास नेलं. १९६९ साली भारतात पहिली वाणं आली ती तिकडूनच, पेरेडोविक वगैरे. पण तेलासाठी निवडताना बाकी पुष्कळ काही गाळलं जातं. रानटी झाडाकडं रोगाशी झगडायची जी जनुकं होती, त्यातली कित्येक वाटेत राहिली.

मामा : म्हणजे पीक घरात आणलं आणि त्याची हत्यारं रानात ठेवली.

भाची : तसंच. म्हणून परत रानात जायचं. अमेरिकेत सूर्यफुलाच्या पन्नासहून जास्त जाती आहेत. काही वर्षायू, बाकी बहुवर्षायू. रस्त्याकडेला, वाळूत, खाऱ्या दलदलीत, कुरणात. आयोवा राज्यातल्या एम्स इथल्या बियाणे-संग्रहात सूर्यफुलाचे पाच हजारांच्या आसपास नमुने आहेत आणि त्यातले जवळपास निम्मे रानटी. आज जगात केवड्याला रोखणारी जी जनुकं वापरात आहेत त्यांची कुळं बघा. पीएल-६ रानटी सूर्यफुलातून आलं. पीएल-७ टेक्सासच्या प्रेकॉक्स जातीतून. पीएल-८ आणि पीएल-आर्ग ही दोन्ही रुपेरी पानांच्या आर्गोफायलस जातीतून, जी टेक्सासच्या समुद्रकाठच्या वाळूत वाढते. तांबेऱ्याचंही तसंच. १९५० च्या दशकात कॅनडातल्या पुट आणि सॅक्स्टन या दोघांनी तांबेऱ्याचा प्रतिकार शोधला तो टेक्सासमधल्या रेनर या गावच्या रानटी झाडांशी आपोआप झालेल्या संकरातून. पुस्तोवोइट यांची मुलगी गालिना हिनं बटाट्यासारखे कंद धरणाऱ्या ट्यूबरोसस जातीशी संकर करून एकाच वाणात अनेक रोगांचा प्रतिकार आणायचा प्रयत्न केला. आणि तुम्ही जे संकरित बी पेरता, ते होतंच मुळी एका रानटी जातीमुळं. १९६९ साली फ्रान्सच्या लक्लेर्क यांनी पेटिओलॅरिस जातीशी संकर करून नर-वंध्य झाड मिळवलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत किन्मन यांनी परागधारणा परत आणणारं जनुक शोधलं. ते नसतं तर संकरित सूर्यफूलच नसतं.

मामा : आता मला एक सांग. जगभरातलं सगळं संकरित सूर्यफूल त्या एकाच वंध्य आईच्या पोटचं?

भाची : जवळपास सगळं.

मामा : मग हेच तर आमच्या बाजरीचं झालं! १९६५ ला एचबी-१ आली, अमेरिकेच्या टिफ्ट २३-ए नावाच्या आईची, आणि देशभर झाली. पुढची वाणंही त्याच आईची. १९७१ ला केवडा असा पसरला की कणसाच्या जागी नुसती हिरवी झिपरी. गोसावी म्हणायचे त्याला. एकच आई, एकच दोष, सगळ्या देशात एकाच वेळी. आणि तू मला विविधता शिकवतेस?

भाची हसली असावी. मामांनी तिचाच मुद्दा तिच्या विरोधात वापरला होता. अमेरिकेतही १९७० साली मक्यात नर-वंध्यत्वाच्या एकाच स्रोतावर आधारलेल्या संकरांवर करपा पडला आणि सुमारे १५ टक्के पीक गेलं. बाजरी आणि मका, दोन्ही एकाच चुकीची उदाहरणं आहेत. अडचण एवढीच की या चुकीतून जो धडा निघतो, तो भाचीच्या आणि मामांच्या तोंडी वेगवेगळा निघतो.

भाची : अहो, म्हणूनच तर विविधता! एकच आई नको, एकच जनुक नको. पैदासकारांनी दुसऱ्या रानटी जातींमधून वंध्यत्वाचे वेगळे स्रोतही शोधून ठेवले आहेत. वापरले जात नाहीत, कारण जुनं चालतंय. चालतंय तोवर कुणी हलत नाही.

मामा : आणि माझं म्हणणं असं की तुमचं जनुक रानातून आणलं काय आणि दुकानातून आणलं काय, बुरशी ते फोडतेच. सांग, फोडते की नाही?

भाची : फोडते. फ्रान्समध्ये १९८८ पर्यंत केवड्याच्या बुरशीचा एकच प्रभेद, म्हणजे उपप्रकार, होता. मग दुसरे आले, बियाण्याबरोबर अमेरिकेतून आल्याची शक्यता मानतात. पीएल-६ त्या सगळ्यांना पुरून उरलं, म्हणून तिकडं बहुतेक वाणांत तेच घातलं. २००० च्या सुमारास ३०४ नावाचा प्रभेद निघाला आणि पीएल-६ त्याच्यापुढं टिकलं नाही.

मामा : बघ! अख्ख्या गावाला एकच राखणदार ठेवला. चोराला त्याची झोपायची वेळ कळली की झालं.

भाची : मामा, मग राखणदारच नको म्हणायचं का? दोन-तीन ठेवा म्हणायचं. एका वाणात वेगवेगळ्या कुळांची दोन-तीन जनुकं एकत्र घालायची, आणि त्यांच्या जोडीला असा प्रतिकार घालायचा जो एका जनुकाचा नसतो. तो रोग पूर्ण थांबवत नाही, त्याचा वेग कमी करतो. बुरशीला तो फोडणं अवघड जातं. कणीस कुजवणारी स्क्लेरोटिनियाची बुरशी घ्या. तिच्यावर एकटं कोणतंच जनुक पुरतं चालत नाही. मॅक्सिमिलियानी, नटॅली अशा बहुवर्षायू जातींतून थोडं थोडं गोळा करावं लागतं. मेटॅलॅक्झिलची बीजप्रक्रियाही तुम्ही करता ना? किलोला सहा ग्रॅम. फ्रान्समध्ये त्या औषधालाही न जुमानणारी बुरशी निघाली आहे. औषध कायमचं नाही, जनुकही कायमचं नाही. पण जनुक एकदा बियात आलं की शेतकऱ्याला त्याचे वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

मामा : पिशवीच्या किमतीत मोजतोच की.

मामा भावावर येणार हे भाचीला माहीत असावं. ती तयारीनं आली होती.

भाची : मग भावाचंच बोलू. २०२५-२६ च्या खरिपाला सूर्यफुलाचा हमीभाव क्विंटलला ७७२१ रुपये होता, सोयाबीनचा ५३२८. मग पेरत का नाही?

मामा : हमीभाव भिंतीवर लिहायचा असतो. मला खरेदी केंद्र दाखव. सूर्यफुलाचे चार कट्टे घेऊन मी आडतीवर गेलो तर आडत्या म्हणतो, एवढा माल कोण घेतो. जिल्ह्यात पीकच नाही म्हणून घेणारा नाही, आणि घेणारा नाही म्हणून पीक नाही. बाहेरून तेल जहाजानं आलं की इथला दर पडतो. २०२२ ला युक्रेनमध्ये लढाई पेटली तेव्हा चार महिने सगळ्यांना सूर्यफुलाची आठवण झाली. मग पुन्हा विसरले.

भाची : तेवढं मान्य.

मामा : आणि दुसरं. १९९७ नंतर जो रोग आला, ज्यात शेंडा काळा पडून झाड मरतं, कणीस वाकडं होतं, त्याला तुझ्या रानात काय आहे?

हा प्रश्न या सगळ्या वादाचं मर्म आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. १९९७ मध्ये कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात बागेपल्लीजवळ सूर्यफुलाची झाडं काळी पडून मरताना दिसली. काही वर्षांतच हा रोग आंध्र, तमिळनाडू आणि महाराष्ट्रात पोचला. कारण निघालं तंबाखूवरचा एक विषाणू, टोबॅको स्ट्रीक. तो कुठे लपतो? काँग्रेस गवतात. गवताला स्वतःला काही होत नाही, पण त्याच्या परागकणांत विषाणू असतो. वाऱ्यानं पराग सूर्यफुलाच्या पानावर पडतो, फुलकिडे पान खरवडतात, आणि त्या जखमेतून विषाणू आत जातो. काँग्रेस गवताची भारतातली ठळक नोंद १९५५-५६ ची, आणि तीही आपल्या पुण्याची. ते गवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले, दोघंही अमेरिका खंडातून आलेले. २००० साली याच विषाणूनं अनंतपूर जिल्ह्यात भुईमूग मारला.

भाची : खरं सांगते. लागवडीच्या वाणांमध्ये याला भरवशाचा प्रतिकार सापडलेला नाही. काही वाणं थोडी सोसतात, एवढंच.

मामा : मग?

भाची : मग सध्या तरी शेतातलंच काम. रानाच्या कडेनं आधी ज्वारीच्या तीन-चार ओळी दाट पेरायच्या, म्हणजे फुलकिडे आणि पराग तिथंच अडतात. इमिडाक्लोप्रिडची बीजप्रक्रिया. बांधावरचं गवत फुलावर यायच्या आधी काढायचं.

मामा : म्हणजे शेवटी गवत उपटायचंच! मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. आणि ते मेक्सिकन भुंगे सोडले होते ना गवत खायला, त्यांनी तर सूर्यफूलच खाल्लं म्हणे.

भाची : त्याची चौकशी झाली. भुंगा १९८४ ला आणला. नव्वदीच्या सुरुवातीला बंगळूरकडं तो सूर्यफुलावर दिसला आणि मोठा गदारोळ झाला. तज्ज्ञांच्या समितीनं बघितलं. गवताचा पराग ज्या पानांवर साठला होता, त्यांवर तो मुख्यतः चरत होता. पिकाला खरा धोका नाही असं ठरलं, आणि पुढं काही वर्षांनी त्याला परत सोडायला परवानगी मिळाली. पण मामा, एकट्यानं गवत उपटून काय होणार? तुमचा बांध स्वच्छ आणि शेजारचं पडीक रान हिरवंगार, वारा काय तुमच्या बांधावर थांबतो? ही सामुदायिक गोष्ट आहे, आणि आपल्या गावात सामुदायिक काही होत नाही हे तुम्हीच मला सांगत आलात. म्हणूनच मी बियातला प्रतिकार शोधा म्हणते. बियाला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही.

मामा यावर गप्प राहिले असतील. निदान मी राहिलो असतो.

मामा : बरं, शोधा. पण किती वर्षं?

भाची : रानटी झाडापासून पिशवीपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज. वर्षायू जातींशी संकर तसा सोपा. लागवडीच्या सूर्यफुलात ३४ गुणसूत्रं असतात, वर्षायू जातींतही तितकीच. बहुवर्षायू जातींत काहींत ६८, काहींत १०२. तिथं संकराचा भ्रूण बियातच मरतो. तो काढून प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वाढवावा लागतो. झाड जगलं तरी ते वांझ किंवा अर्धवांझ निघतं. मग त्याला पुन्हा पुन्हा चांगल्या वाणाशी जोडायचं, आणि दर वेळी रानटीपणातलं नको ते गाळायचं. दहा फांद्या फुटणं, दाणे आपोआप झडणं, बारीक दाणा, कमी तेल, पेरल्यावर महिना महिना न उगवणं. हवं ते जनुक ठेवायचं आणि त्याच्या शेजारचं नको ते काढायचं, हेच सगळ्यात कठीण. हैदराबादच्या राजेंद्रनगरच्या तेलबिया संशोधन संस्थेत हे काम वर्षानुवर्षं चाललंय. भुरी आणि अल्टरनेरियाच्या करप्यासाठी रानटी जातींची चाचणी त्यांनी केली. ऑक्सिडेंटॅलिस आणि ट्यूबरोसससारख्या जाती करप्याला चांगल्या टिकल्या. पण चाचणीत टिकणं वेगळं आणि तुमच्या रानात वाण येणं वेगळं.

मामा : आणि कंपनीला पंधरा वर्षं थांबायला वेळ नाही.

भाची : नाही. तीन वर्षांच्या सरकारी प्रकल्पालाही नाही. मुलगी पीएच.डी. करते, तिचा प्रकल्प संपतो, तिचं अर्धवट वाण शीतगृहात जातं, आणि पुढच्या मुलीला ते कुठं आहे हेच माहीत नसतं.

मामा : हे तू आधी सांगायला पाहिजे होतंस. मी रानटी झाडाच्या विरोधात नाही गं. एवढ्या लांबून आणलेलं असं अर्ध्यात टाकून देतात, त्याच्या विरोधात आहे. बरं, आणखी एक. ते सगळं रानटी बी अमेरिकेकडं. उद्या नाही दिलं तर?

भाची : २००४ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय करारात सूर्यफूल आहे. त्यात सामील असलेल्या देशांनी संशोधनासाठी बी एकमेकांना द्यायचं ठरलंय. तूरही त्याच करारात आहे. तुरीचे रानटी भाऊबंद बस्तर-ओडिशाच्या जंगलात आहेत, ते जगाला आपल्याकडून लागतात. घेणं-देणं आहे. काळजी वेगळी आहे. तिकडं रानटी जातीच मरतायत. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या खाऱ्या दलदलीतली पॅराडॉक्सस जात अमेरिकेनं १९९९ ला धोक्यातल्या यादीत घातली. कॅरोलिनातली श्वाइनित्झी त्याच्याही आधी, १९९१ ला. झरा आटला की दलदल गेली, दलदल गेली की झाड गेलं.

मामा : म्हणजे तिकडचा झरा आटला तर माझं बी कमी होणार.

भाची : आजच नाही. पण होय.

मामा : मग आधी आपलं घर बघू. माझं ऐक. तू तुझं जनुक आण. तीन आण, चार आण. पण ते लातूरला पेर, आमच्या रानात, केवडा असलेल्या जमिनीत. परभणीच्या कुंड्यांत नाही. आणि जे वाण निघेल त्याचं बी विद्यापीठानं दरवर्षी तयार करायचं. वाण प्रसिद्ध केलं की फोटो काढायचे आणि बी करायचं विसरायचं, असं नको. भाव आणि खरेदी हे तुझ्या हातात नाही, ठीक आहे. पण बियाची पिशवी तर आहे.

भाची : पिशवीवर काय लिहायचं?

मामा : कोणत्या रोगाला टिकतं. कोणत्या प्रभेदाला. तो प्रतिकार कुठून आला. आणि अजून टिकतो की फुटला. मला जनुकाचं नाव कळलं नाही तरी चालेल. कळणारा कुणीतरी गावात असतो.

माझा कौल भाचीच्या बाजूनं आहे, पण मामांच्या अटींवर. केवड्याची गोष्ट लातूरलाच झाली, म्हणून रोगप्रतिकार हे निव्वळ पुस्तकी खूळ आहे असं म्हणायला जागा उरत नाही. १९९७ च्या विषाणूनं दाखवलं की रानटी जातींमध्ये शोध थांबवणं परवडणारं नाही. पण प्रतिकारक वाण म्हणून जे विकलं जातं ते किती वर्षांपूर्वीच्या रोगाला प्रतिकारक आहे, हे शेतकऱ्याला सांगायची पद्धत आपल्याकडे नाही, आणि ती नसेल तर टेक्सासच्या वाळूतून आणलेलं सर्वोत्तम जनुकही पिशवीवरच्या चित्रासारखंच ठरतं.

म्हणून हे लिहिणं कृषी विद्यापीठांतल्या पैदासकारांपर्यंत आणि बियाणे कंपन्यांपर्यंत पोचलं तर एवढंच सांगणं आहे : सूर्यफुलाच्या बियाण्याच्या पिशवीवर रोगाचं नाव, प्रतिकाराचा स्रोत आणि शेवटची चाचणी कोणत्या वर्षी, कोणत्या केंद्रावर झाली, हे मराठीत छापा. आणि ज्यांच्या बांधावर काँग्रेस गवत आहे त्यांनी ते या पावसाळ्यात फुलावर येण्याआधी काढा. शेजाऱ्यालाही सांगा, तो ऐकेल की नाही हे न बघता.